खिडकीकडच्या तीन खाटा

मंगळवार, १४ नोव्हेंबर.
सकाळी गार वारा. दूध पातळ आलं, दूधवाल्याला बोलले. यांचा खोकला तसाच. यांच्या चष्म्याची काडी बसवून आणली. दुपारी वॉर्डात एक साहेब खाटा बघत फिरत होते. कुणाच्या तरी वशिल्याचे असणार. खिडकीकडच्या तिन्ही खाटा मोडक्या आहेत म्हणून सांगितलं आणि वाटेला लावलं. मावशी हसत होती. घरी आल्यावर उशांचे अभ्रे धुतले.

एवढं लिहून तिने पेनाला टोपण लावलं. दिवस चांगला गेला असं तिला वाटलं. माणसाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेताना कधी आवाज येत नाही, हेच खरं.

सरकारी इस्पितळातल्या पुरुषांच्या वॉर्डाची ती मुख्य सिस्टर. सगळे तिला फूटपट्टी म्हणायचे, आणि तिला ते ठाऊक होतं. लहानपणी कॉन्व्हेंटच्या निवासी शाळेत मदरने तिच्या बोटांवर फूटपट्टी मारून चादरीचे कोपरे दुमडायला शिकवलं होतं. ती मार विसरली, कोपरे विसरली नाही. एप्रनच्या खिशात लाकडी फूटपट्टी घेऊनच ती वॉर्डात फिरायची, आणि चादरीची घडी पायथ्याशी बोटभर जरी कमीजास्त झाली तरी नव्या नर्सला सगळी खाट पुन्हा घालायला लावायची. रोगी खाटेवर असला तरी.

"सिस्टर, मी मरायला टेकलोय," एकदा एक म्हातारा म्हणाला होता.

"टेका," ती म्हणाली, "पण चादरीवर नीट टेका."

वॉर्डाच्या टोकाला, खिडकीकडच्या बाजूला, तीन खाटांवर गाद्या गुंडाळलेल्या असायच्या. प्रत्येक गुंडाळीला ड्रेसिंगच्या पट्टीची गाठ. बाहेरच्याने बघितलं तर खाट निकामी आहे असं वाटावं. वॉर्डातल्या माणसाला मात्र ठाऊक असायचं की ती खाट राखलेली आहे.

त्याची सुरुवात एका गवंड्यापासून झाली. पुष्कळ वर्षांपूर्वी तो धापा टाकत आला तेव्हा शेवटची खाट नुकतीच एका पुढाऱ्याच्या भाच्याला गेली होती. भाच्याला काखेत गळू झालं होतं. गवंड्याला पॅसेजमधल्या बाकावर बसवलं, आणि मांडीवरचा जेवणाचा डबा न उघडता तो बसल्या बसल्याच गेला. भाचा आत पडून फळं खात होता. दुसऱ्या दिवशी भाचा घरी गेल्यावर तिने त्या खाटेवरची गादी गुंडाळली, पट्टीने बांधली आणि वॉर्डातल्या आयाला, म्हणजे मावशीला, सांगितलं, "ही खाट मोडकी आहे."

मावशीने खाट गदागदा हलवून पाहिली. "कुठं मोडकी? हत्ती बसवा."

"मी म्हणते मोडकी आहे."

मावशीने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग गादीकडे पाहिलं. "आहे खरी. पार कामातून गेलीय."

तेव्हापासून तो वॉर्डाचा नेमच झाला. कुणी चिठ्ठी घेऊन आलं, कुणाचा फोन आला, कुणी मोठ्या आवाजात आपली ओळख सांगू लागलं की झाडूवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: खाट मोडकी आहे. आणि खरोखर श्वास अडकलेला, छातीला हात लावून वाकलेला कुणी आला की मावशी कात्रीने पट्टी कापायची, गादी पसरायची, आणि मोडकी खाट क्षणात धडधाकट व्हायची. नव्या डॉक्टरांना हे शिकवायचं कामही मावशीकडेच. "डॉक्टर, आपल्याकडे दोन जातीच्या खाटा. खरोखर मोडकी असते तिच्यावर पेशंट असतो. आणि धडधाकट असते तिला आपण मोडकी म्हणतो."

बघता बघता बाकीच्या वॉर्डांनीही तिचं पाहून गाद्या गुंडाळल्या. त्या गाद्यांमुळे किती माणसं वाचली ते कुणी मोजलं नाही. ही भलाईच होती यात शंका नाही. पण त्या तीन खाटा कुणाला द्यायच्या ते तिच्या मानेच्या होकारावर ठरायचं, आणि त्या मानेला हळूहळू एक ताठा आला होता. मोठमोठी माणसं वॉर्डात येऊन हात हलवत परत जायची तेव्हा तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं. मावशीला ते दिसायचं. मावशी बोलायची नाही.

घरी नवरा मात्र बोलायचा. तो छापखान्यात जुळारी होता. शिशाचे खिळे जुळवून उलटी अक्षरं लावण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. छापखाने बंद पडले, खिळे भंगारात गेले, फुप्फुसं तेवढी त्याच्याजवळ राहिली, तीही धड नव्हती. शिशाच्या धुळीने की विड्यांनी, याचा निकाल त्यांच्या संसारात कधी लागला नाही. उलटं वाचायची सवय मात्र गेली नव्हती. बायकोला तो मदर म्हणायचा.

"आमची मदर घरातसुद्धा खाटा राखते," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "माझी बहीण येणार म्हटलं की जादाची गादी गुंडाळलीच हिने. वर काय सांगते? वन्सं, गादीत ढेकूण झालेत."

"मग? तुमची बहीण आली की हलते का?"

"ढेकूण बरे गं. ते रक्त पितात, पण टोमणे मारत नाहीत."

ती हसायची नाही, कारण मदर हसत नसत. पण त्याच्या पाठीमागची उशी ती दोनदा ठोकून सारखी करायची, आणि तेच तिचं हसणं, हे त्याला कळायचं.

तर त्या मंगळवारी तो साहेब आला. अंगाने सडपातळ, बूट चकचकीत, बोलणं मऊ. सरळ खिडकीकडे गेला.

"सिस्टर, या तीन खाटा रिकाम्या दिसतात."

"दिसतात. रिकाम्या नाहीत, मोडक्या आहेत."

"तिन्ही?"

"तिन्ही. एकदमच आल्या होत्या, एकदमच गेल्या."

"कधीपासून?"

"सिस्टरांचे केस काळे होते तेव्हापासून," मावशी मधेच म्हणाली.

"दुरुस्तीला नाही टाकल्या?"

"सरकारी खाट आहे, साहेब," ती म्हणाली. "दुरुस्तीला गेली की परत यायची नाही. त्यापेक्षा इथं डोळ्यांसमोर असलेली बरी."

तो हसला. मग मान जराशी तिरकी करून म्हणाला, "म्हणजे या खाटांवाचून वॉर्डाचं काही अडत नाही म्हणायचं."

इथे खरं तर तिच्या कानात काहीतरी वाजायला हवं होतं. पण वशिल्याची माणसं अशीच आडून आडून येतात हा तिचा आयुष्यभराचा अनुभव. अडतं म्हटलं की म्हणणार, मग दुरुस्त करून देतो, पहिला पेशंट आमचा. त्या वाटेला ती जाणारच नव्हती.

"काही अडत नाही," ती ठणकावून म्हणाली. "आमचं भागतं."

"छान. फारच छान." साहेबाने तिचे मनापासून आभार मानले आणि पुढच्या वॉर्डात गेला. पुढच्या वॉर्डातही त्याला तेच उत्तर मिळालं. सगळ्यांना तिनेच तर शिकवलं होतं.

मावशी त्याच्या पाठमोऱ्या बुटांकडे बघत राहिली. "सिस्टर, नाही म्हटल्यावर एवढा खूश झालेला वशिल्याचा माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

उन्हाळ्याच्या तोंडाशी इस्पितळाच्या अधीक्षकांनी सगळ्यांना खालच्या हॉलमध्ये बोलावलं. त्यांच्या शेजारी एक तरुण मॅनेजर बसला होता. कंपनीचा. चेहरा असा की याला कधी ताप आला नसेल असं वाटावं. अधीक्षकांनी सांगितलं की सरकारने आता एका कंपनीला बरोबर घ्यायचं ठरवलं आहे. इमारत सरकारची, यंत्रं कंपनीची, डॉक्टर दोघांचे.

"आणि पेशंट देवाचे," मावशी मागून पुटपुटली.

मग मॅनेजर उठला. बोलण्यात अशी साखर, की ऐकणाऱ्याला तहान लागावी. "कुणीही घाबरू नका. ज्या खाटा वापरात आहेत त्या सगळ्या मोफतच राहणार. एकही कमी होणार नाही. ज्या खाटा आज मोडक्या आहेत, ज्यांच्यावाचून तुमचं अडत नाही, तेवढ्याच आम्ही आमच्या खर्चाने सुरू करू. त्यांच्यावर पैसे देणारे रुग्ण राहतील. कुणाचं काहीच जात नाही."

टाळ्या वाजल्या. तीही वाजवू लागली. मग तिचे हात मध्येच थांबले, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, आणि तसेच राहिले. मावशीने ते धरून खाली घेतले.

गाद्या गुंडाळलेल्या खाटा सगळ्या इस्पितळातून गोळा झाल्या तेव्हा एक आख्खा नवा विभाग उभा राहिला. पुरुषांच्या वॉर्डाच्या खिडकीकडच्या बाजूला आडवी काच घातली, काचेला पॅसेजकडे उघडणारं दार लावलं, आणि तिकडे पडदे, थंड हवा, प्रत्येक खाटेच्या उशाशी भिंतीत बसवलेलं श्वासाचं नवं यंत्र. कंपनीच्या मिस्त्रीने खाटा उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि डोकं खाजवलं. "यात मोडलंय काय?" मोफत वॉर्डात आता गुंडाळलेली गादी एकही नव्हती. होती ती प्रत्येक खाट भरलेली, आणि दोन खाटांच्या मध्ये फरशीवरही माणसं.

ती आरोग्य खात्याच्या मोठ्या अधिकाऱ्यांकडे गेली. धुतलेली साडी नेसून, सगळं खरं सांगायचं ठरवून. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे खाटा धडधाकट होत्या."

"हो, साहेब."

"आणि पाहणीला आलेल्या माणसाला तुम्ही मोडक्या म्हणून सांगितलंत."

"तो पाहणीला आलाय हे मला ठाऊक नव्हतं."

"ते सोडा. इतकी वर्षं तीन चांगल्या खाटा रिकाम्या ठेवून तुम्ही रुग्णांना परत पाठवत होतात. असंच ना?"

आजवर ही गोष्ट तिला या बाजूने कुणी दाखवली नव्हती.

"गळवं झालेल्यांना परत पाठवत होते, साहेब. मरणाऱ्यांसाठी राखत होते."

"मरणारा कोण हे सिस्टरांनी ठरवायचं असतं का?" त्यांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच तिला भय वाटलं. "हे पाहा, बाई. सरकार आता होडी वल्हवत नाही. सरकार काठावर उभं राहून होडी सरळ चाललीय ना एवढं बघतं. तुमच्या खाटा आता होडीवाल्याच्या. आणि ही गोष्ट बाहेर बोलू नका, तुमचीच नोकरी जाईल. चहा घ्या."

तिने चहा घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं परतताना तिच्या मनात आलं, आणि डायरीत त्या दिवशी फक्त साडीला इस्त्री केल्याचं लिहिलं.

मॅनेजरने तिला काचेच्या दारापाशी बसवलं. "सिस्टर, आम्हाला असं माणूस हवं की ज्याला नाही म्हणता येतं. ही कला आहे. आमची तरुण पोरं रडतात हो लगेच."

तिने ते काम घेतलं. दाराशी बसलं तर कधीतरी एखाद्याला हळूच आत सारता येईल, असा तिचा हिशेब. पहिल्याच आठवड्यात तिने एका लोहाराला सारलं, आणि संध्याकाळच्या आत मॅनेजरने त्याला तिच्याच हाताने चाकांच्या खुर्चीतून बाहेर काढवलं. रागावला नाही. फक्त शेजारी उभा राहून दार धरून होता. त्यानंतर तिने कुणाला सारलं नाही. मग नाही म्हणण्याचाही हात बसला. हात बसला की मनाची गरज लागत नाही. एका रंगाऱ्याची बायको नवऱ्यासाठी तीनदा येऊन गेली.

"सिस्टर, त्या तीन रिकाम्या दिसतात."

"दिसतात. नाहीत."

"बाई, त्याला श्वास..."

"मोफत वॉर्डात जागा होईल तेव्हा होईल. आवाज नका करू, आत पेशंट झोपलेत."

आत पेशंट नव्हते. मावशी फरशी पुसता पुसता थांबली. "चांगलं जमतंय, सिस्टर," ती म्हणाली. "काही शिकावं लागलं नाही तुम्हाला. वाक्य तेच आहे."

दोघींच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत मावशीने तिला मारलेला हा पहिला टोमणा. तिने उत्तर म्हणून फूटपट्टी खिशात चाचपली. रंगाऱ्याला पुढे चौथ्या खेपेला मोफत वॉर्डात खाट मिळाली, तीही शेजारचा म्हातारा पहाटे गेला म्हणून.

थंडी पुन्हा आली. एका सकाळी नवऱ्याने चहा मागितला आणि 'चहा' हा शब्द त्याला दोन दमांत म्हणावा लागला. तिने त्याची नखं पाहिली, ओठ पाहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांचे पाहिले होते. शेजाऱ्याची गाडी मिळाली, आणि उन्हं नीट वर येण्याआधी तो इस्पितळाच्या पॅसेजमध्ये स्ट्रेचरवर होता, नाकाला नळी, पायाशी लहानसं सिलिंडर.

तरुण डॉक्टरने तपासलं आणि तिला बाजूला घेतलं. "सिस्टर, नळीने भागायचं नाही. दाबाने हवा देणारं यंत्र लागेल. मास्कवालं. लावलं तर आठ-दहा दिवसांत घरी जातील. ते यंत्र खाटेच्या उशाशी भिंतीत असतं, पॅसेजमध्ये आणता येत नाही. खाट बघा. लवकर बघा."

खाट बघा. तिला!

मोफत वॉर्डात यंत्राची जेवढी ठिकाणं होती तेवढी भरली होती. मावशी धावत आली आणि कुजबुजली, "रंगारी आता बरा आहे. कालपासून उठून बसतोय. त्याला खाली फरशीवर घालते, तुमच्या साहेबांना वर घेते. बोला."

तिची मान हलली. जुनी सवय. मावशीने रंगाऱ्याच्या खाटेकडे पाऊल टाकलं, तोच त्याची बायको उठली आणि खाटेच्या लोखंडी पायाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तिने मावशीकडे पाहिलंच नाही. सिस्टरकडे पाहिलं.

"जागा होईल तेव्हा होईल," रंगाऱ्याची बायको म्हणाली. "आवाज नका करू. आत पेशंट झोपलेत."

फूटपट्टी तशीच मागे फिरली.

काचेपलीकडे तिच्या खिडकीकडच्या तीन खाटा रिकाम्या होत्या. पांढऱ्याशुभ्र चादरी, कोपरे नीट दुमडलेले. तिनेच दुमडायला शिकवलं होतं. ती मॅनेजरच्या खोलीत गेली. घर विकून पैसे भरते म्हणाली.

"पैशांचा प्रश्नच नाही हो, सिस्टर," मॅनेजर दुखावल्यासारखा म्हणाला. "तुमच्याकडून पैसे घेऊ का आम्ही? पण त्या खाटा आज राखीव आहेत. एका मोठ्या ऑफिसचे लोक येताहेत, संपूर्ण शरीरतपासणीला. आधीच ठरलंय."

"आजारी आहेत?"

"नाही, नाही. ठणठणीत आहेत. म्हणून तर तपासणी."

"मग त्यांना खाट कशाला?"

"रक्त दिल्यावर जरा पडायला. शिवाय खाट दाखवली की विश्वास बसतो माणसाचा." त्याने आवाज खाली आणला. "खाट राखणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायचं का? हे तर इथं तुम्हीच सुरू केलंत."

"दुपारपर्यंत द्या. ते आले की उठवते त्यांना. माझ्या हाताने उठवते."

"सिस्टर, दाराशी बसून तुम्ही रोज सगळ्यांना नाही म्हणता. तुमच्याच माणसाला आत घेतलं तर उद्या त्या दाराला काय अर्थ राहिला? तुम्हीच सांगा." आणि तो खरोखरच तिच्या उत्तराची वाट बघत थांबला.

ती पॅसेजमध्ये परत आली. स्ट्रेचर काचेला लावून ठेवलं होतं. नवरा काचेवर चिकटवलेल्या मोठ्या निळ्या अक्षरांकडे बघत होता. अक्षरं पलीकडून, लिफ्टने थेट आत येणाऱ्यांनी वाचायची होती, या बाजूने ती उलटी दिसत होती.

"मदर," तो म्हणाला. एकेका शब्दाला दम घेत. "वाचलंस?"

"बोलू नका."

"आपलं... स्वागत आहे." त्याच्या डोळ्यांत तो जुना खट्याळपणा आला. "आपल्याकडून... उलटं जुळवलंय. म्हणजे... स्वागत... तिकडच्यांचं."

तिने त्याच्या पाठीमागची उशी ठोकली. दोनदा. स्ट्रेचरवर उशी नव्हतीच, तिने आपली शाल घडी करून ठेवली होती.

तो अर्ध्या दुपारपर्यंत झगडला. तरुण डॉक्टर येऊन येऊन जात होता आणि प्रत्येक वेळी काचेपलीकडे बघत होता, जसं काही त्या खाटांनी स्वतःहून चालत यावं. मावशी सिलिंडर बदलत होती. ती स्वतः नवऱ्याचा हात धरून उभी होती आणि तीन खाटांकडे बघत होती. पट्टी कापायची, गादी पसरायची. एवढंच काम. तिच्या डाव्या खिशात कात्री होती, उजव्या खिशात फूटपट्टी. कापायला पट्टी मात्र कुठेच नव्हती.

मग त्याची छाती एकदा वर आली आणि खाली गेली, आणि ती पुढच्या वेळेची वाट बघत राहिली. मावशीने सिलिंडरची चावी बंद केली तेव्हा तिला कळलं.

नेमकी त्याच वेळी जिन्यावर माणसांची गडबड ऐकू आली. हसण्याचा आवाज, कुणीतरी लिफ्ट बंद असल्याबद्दल चेष्टा करत होतं. ऑफिसचे लोक वर येत होते. मॅनेजर दार ढकलून बाहेर आला, त्याने स्ट्रेचरकडे पाहिलं, डॉक्टरकडे पाहिलं, डॉक्टरने मान हलवली. मॅनेजरचा चेहरा पहिल्यांदाच आजारी दिसला.

"आत घ्या. पटकन आत घ्या. इथं नको, पॅसेजमध्ये नको. त्या खिडकीकडच्या खाटेवर. पडदा ओढा. चला, चला, मावशी!"

काचेचं दार दोन्ही बाजूंनी उघडलं. स्ट्रेचर आत गेलं. मावशीने आणि डॉक्टरने त्याला उचलून खिडकीकडच्या पहिल्या खाटेवर ठेवलं, उशाशी श्वासाचं यंत्र, मऊ गादी, थंड हवा. तिने चादर ओढली आणि पायथ्याशी कोपरा दुमडला. मग दुसरा. हात आपोआप चालत होते. मॅनेजरने पडद्यातून डोकं आत घातलं.

"सिस्टर, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. जरा वेळ बसा आत. ते लोक कँटीनला गेले की मग मागच्या दाराने... आणि गादी बदलायला सांगतो मी."

पडद्याची एक फट उघडी राहिली होती. काचेपलीकडे रंगाऱ्याची बायको पाण्याची बाटली भरून चालली होती. ती थांबली. तिला खाटेवरची चादर दिसली, उशी दिसली, सिस्टर शेजारी बसलेली दिसली. चेहऱ्यावर ओढलेली चादर तिला दिसली नसावी.

"बघा," ती वॉर्डाकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आपल्या माणसाला कशी दिली खाट!"

मावशी तिच्या अंगावर धावून गेली. सिस्टरने मावशीला पदर धरून थांबवलं. काय सांगणार होती मावशी?

संध्याकाळी नणंद आली. खूप रडली. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "वहिनी, शेजारी सांगत होते, अगदी नव्या विभागात होता म्हणे. पडदे, थंड हवा. चला, निदान शेवटी तरी चांगल्या खाटेवर पडला माझा भाऊ."

"हो, वन्सं," ती म्हणाली.

"मी राहते आता चार दिवस. मला काय, कुठंही पडेन. गादीतले ढेकूण गेले का गं?"

तिने माळ्यावरची गादी काढली. मग नेहमीच्या जागी बसून डायरी उघडली, तारीख घातली, आणि लिहिलं:

वन्सं आल्या आहेत. गुंडाळलेली गादी सोडून त्यांना घातली. ढेकूण नाहीत. कापूस अजून चांगला आहे.